तबकडींतला आवाज संगणकांत

नगर जिल्ह्यांतील – सरकारदरबारीं आतां अहिल्यानगर – पुष्कळ घरांत कपाटाच्या एखाद्या कप्प्यांत दहावीस चकाकत्या तबकड्या पडून असतात. वीस वर्षांपूर्वीं गांवच्या सप्ताहांतील काल्याचें कीर्तन, मुलीचें लग्न, आजीच्या जात्यावरच्या ओव्या असें सारें तालुक्याच्या फोटोस्टुडिओंतून सीडीवर भरून घेण्याची चाल होती. ओव्या म्हणणारी आजी गेली, कीर्तनकार बुवाही गेले. आवाज तेवढा तबकडींत उरला. आणि नव्या लॅपटॉपला तर तबकडी घालण्याची खांचच नसते! तेव्हां, श्रोतेहो, बाहेरून जोडावयाचा ड्राइव्ह आणून हा ठेवा संगणकांत उतरवून घेणें अगत्याचें झालें आहे. मात्र तें काम दिसतें तितकें सरळ नाहीं.

संगीताची तबकडी संगणकांत घातली म्हणजे पडद्यावर ट्रॅकांचीं नांवें ओळीनें दिसतात. घरांतला उत्साही तरुण तीं उचलून फोल्डरमध्यें टाकतो आणि क्षणार्धांत नक्कल पुरी होते. तासाभराचें कीर्तन एका क्षणांत! विंडोज संगणकावर अशा प्रत्येक नांवामागें अवघ्या ४४ बाइटांची खूणचिठ्ठी असते. कीर्तन तबकडींतच राहतें. तबकडी काढली कीं संगणक मुका. एवढ्यावर विसंबून मूळ तबकडी केरांत गेली, तर तो आवाज कायमचा गेला.

असें कां व्हावें? फिलिप्स व सोनी ह्या कंपन्यांची ही तबकडी १९८२ सालीं बाजारांत आली ती संगीताकरितां. सेकंदास ४४,१०० वेळां आवाजाचें मोजमाप घेऊन ते आंकडे सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपानें, आंतून बाहेर जाणाऱ्या एका सर्पिल रेषेवर लिहिलेले असतात; पूर्ण भरलेल्या तबकडींत ही रेषा पांच किलोमीटरांहून लांब भरते. ओरखड्यानें कांहीं आंकडे वाचतां आले नाहींत, तर यंत्र जोडीनें लिहिलेल्या जादा आंकड्यांवरून ते भरून काढतें. तेंही न साधल्यास मागचापुढचा आंकडा पाहून मधला अदमासानें बसवितें. कानाला पत्ता लागत नाहीं. ऐकणाराची ही सोय नक्कल करणाराला मात्र फसविते, कारण अदमासाचा आंकडा खऱ्याच्या पंक्तीस जाऊन बसतो.

माहितीच्या तबकडीची रीत निराळी. तेथें २३५२ बाइटांच्या खंडांत माहितीला २०४८च मिळतात; उरलेल्यांपैकीं बहुतेक चुकांच्या दुरुस्तीस राखलेले. तेवढ्यानेंही एखादा खंड वाचतां आला नाहीं, तर संगणक अडून बसतो आणि बहुधा सबंध फाईल नाकारतो. हा हट्ट बरा म्हणावा. निदान तो खोटें बोलत नाहीं.

म्हणून संगीत उतरवावयाचें तें त्याच कामासाठीं केलेल्या सॉफ्टवेअरनें. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हें तसें एक. प्रत्येक भाग पुन्हा वाचून तें ताडून पाहतें आणि जेथें जमलें नाहीं तेथें तशी नोंद करतें. वेळ लागतो, लागूं द्यावा. साठवण फ्लॅक ह्या प्रकारांत करावी. जागा सुमारें निम्मी लागते आणि आवाजांतलें कांहींच गळत नाहीं. एमपीथ्री जागा फार वांचवितें, पण आवाजाचा कांहीं अंश टाकून.

तबकडी पुसावी मऊ सुती कापडानें, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल फिरवून नव्हे. छापील बाजूही जपावी. चकाकणारा थर त्याच बाजूस, लाखेच्या पातळ लेपाखालीं असतो.

आधीं कोणती घ्यावी? विकत आणलेल्या तबकडीच्या प्रती अन्यत्र सांपडतील. स्टुडिओंत भरलेली तबकडी एकुलती एक. तिच्यांतलें लिखाण रंगद्रव्याच्या थरावर असतें आणि ऊन व उष्णता त्याला मानवत नाहीं. पत्र्याच्या घरांत, नगरकडच्या वैशाखांत तिचें काय होत असेल तें सांगावयास नको.

ग्रामोफोनच्या तबकड्यांचें काम ह्याहून कष्टाचें, कारण त्या जितका वेळ वाजतात तितकाच वेळ नकलेला लागतो. तरी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ह्या मुंबईच्या मंडळीचे सुरेश चांदवणकर यांनीं 'यंग इंडिया' छापाच्या तबकड्या ब्रिटिश लायब्ररीच्या साह्यानें संगणकांत आणल्या.

घरच्या दहावीस तबकड्यांना चार रविवार पुरतील. उतरलेली नक्कल एकदां अथपासून इतिपर्यंत ऐकावी. आवाज कोणाचा, गांव कोणतें, साल कोणतें, हें फाईलीच्या नांवांतच लिहावें. दुसरी प्रत वेगळ्या घरीं ठेवावी, आणि मूळ तबकडी त्यानंतरही फेकूं नये.