विज्ञानशिक्षकाचा उत्साह : होशंगाबादची तीस वर्षे
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखादा शिक्षक उत्साही आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो उत्साह त्याच्या स्वभावाचा भाग आहे, असे आपण गृहीत धरतो. कोणी जात्याच हौशी, तर कोणी जात्याच निरुत्साही, अशी ही विभागणी. ती कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याचे उदाहरण फार उपयोगी पडते. सहावी ते आठवीच्या विज्ञानाचे हे उदाहरण आहे आणि त्यातील नायक कोणी एकटा महापुरुष नसून शेकडो सरकारी शिक्षक आहेत.

सन 1972. होशंगाबाद जिल्ह्यात रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीजवळची किशोर भारती या दोन संस्थांनी राज्य शासनाच्या परवानगीने 16 शाळा निवडल्या. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सदगोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधन सोडून खेड्यात आलेले शास्त्रज्ञ. प्रा. यश पाल यांच्यासारख्यांचे पाठबळ आरंभापासून होते. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकही पुढे मोठ्या संख्येने सामील झाले. ठरले ते इतकेच, की मुलांनी विज्ञान वाचायचे नाही, करायचे. 1978 मध्ये हा प्रयोग जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत नेण्यात आला. (तिकडे सहावी ते आठवीला माध्यमिक म्हणतात, आपण उच्च प्राथमिक म्हणतो.) 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने पुढची जबाबदारी घेतली.

या कार्यक्रमाचे ‘बाल वैज्ञानिक’ हे पाठ्यपुस्तक उघडले, की प्रथमदर्शनी मनुष्य गोंधळून जातो. त्यात प्रश्न आहेत, कृती आहेत; उत्तरे मात्र दिलेली नाहीत. ‘मुळे आणि पाने’ हा एकच पाठ घेऊ. शिक्षक मुलांना घेऊन वर्गाबाहेर पडतो. शेताच्या बांधावर, वाटेच्या कडेला, शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत मुले लहान रोपे मुळासकट काढतात. पानाच्या शिरा जाळीदार आहेत की समांतर, हे एका रकान्यात. मूळ सोटमूळ आहे की तंतुमूळ, हे दुसऱ्या रकान्यात. गवत, गहू, मका एका बाजूला जातात. हरभरा, तुळस, टाकळा दुसऱ्या बाजूला. दहा-पंधरा रोपे झाली की कोणीतरी मूल उठून सांगते, ‘गुरुजी, जाळी असली की सोटमूळ असते.’ ज्ञानाचा हा कण त्याला कोणी दिलेला नसतो, त्याने तो स्वतः टिपलेला असतो. आता शिक्षकाची खरी परीक्षा सुरू होते. कारण त्याच वर्गात दुसरे मूल अळू घेऊन येऊ शकते. अळूच्या पानाला जाळी आहे, सोटमूळ मात्र नाही! पुस्तकी शिक्षक येथे चिडतो किंवा ‘तो अपवाद आहे, खाली बैस’ म्हणून मोकळा होतो. ज्याला विषयाची गोडी लागली आहे, तो मात्र आनंदतो. मग नियम म्हणजे काय आणि अपवाद म्हणजे काय, यावर उरलेली तासिका निघून जाते. ती वाया गेली असे कोणी म्हणू नये.

मोजमापाचा पाठही तसाच. दहा मुलांनी एकाच फळ्याची लांबी मोजली तर दहा उत्तरे थोडीथोडी वेगळी येतात. आपल्या शाळांतून यावर उपाय ठरलेला असतो : शिक्षक ‘बरोबर’ उत्तर सांगतो आणि नऊ मुले आपले आकडे खोडतात. होशंगाबादच्या पुस्तकात या घटबढीवर स्वतंत्र पाठ आहे. आकडे वेगळे का आले? कोणी पट्टी तिरपी धरली, कोणी टोक शून्यावर ठेवले नाही. आणि सगळे काळजीपूर्वक केले तरीही थोडा फरक उरतोच. मोजमापातील हा अटळ फरक बाराव्या वर्षी ज्याला कळला, त्याच्या हातून आकडे ‘जुळवण्याचे’ पाप सहसा होत नाही. मोठमोठ्या प्रयोगशाळांतही ही शुचिता दुर्मीळ असते, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

आता साहित्याचा प्रश्न. आपल्याकडील शाळांत काचेची उपकरणे कुलूपबंद कपाटात का राहतात? शिक्षक आळशी असतो म्हणून नव्हे. परीक्षानळी फुटली की डेडस्टॉक रजिस्टरमधील नोंदीचे उत्तर त्यालाच द्यावे लागते, म्हणून! होशंगाबादमध्ये प्रयोग मुलांच्या हातांनी होणार हे गृहीत धरूनच साहित्य पुरवण्यात आले; जे संपेल व फुटेल ते भरून देण्याचा विचार आधीच केला गेला. जे गावात मिळते ते बाहेरून आणायचे नाही, हा दुसरा दंडक. सुईची जागा बाभळीच्या काट्याने घेतली.

याच ठिकाणी महाराष्ट्राचा धागा जुळतो. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेले अभियंते. पुण्यात टेल्कोमध्ये मालमोटारी बनवण्याच्या कामावर असताना 1978 मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादला गेले. तेथील आठवडी बाजारात हिंडताना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी त्यांच्या दृष्टीस पडली. आगकाडीचे टोक त्या नळीत घट्ट बसते. नळीच्या लहान तुकड्याने दोन काड्या जोडल्या, तुकड्याला बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी अडकवली, की भूमितीचे अख्खे दालन उघडते. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र बोट लावताच कलंडून समभुज चौकोन होतो. घन डगमगतो, चतुष्फलक ताठ उभा राहतो. छपराच्या कैचीत आणि पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मग शब्दांनी सांगावे लागत नाही. पुढे 2003 पासून सुमारे एक तप त्यांनी पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हेच काम केले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

परंतु या कार्यक्रमाचे खरे मर्म साहित्यात नव्हते, ते शिक्षकांच्या बैठकांत होते. उन्हाळ्याच्या सुटीत होणाऱ्या प्रशिक्षण वर्गांत गावचा शिक्षक आणि विद्यापीठाचा प्राध्यापक एकाच टेबलाशी बसून तोच प्रयोग करीत. नंतर वर्षभर मासिक बैठका. कोणता प्रयोग वर्गात फसला, मुलांनी कोणता अडचणीचा प्रश्न विचारला, पाठातील कोणते वाक्य कळले नाही, याची तेथे मोकळी चर्चा होई आणि त्यानुसार पुस्तक सुधारले जाई. साध्या शाळामास्तराच्या सूचनेवरून पाठ्यपुस्तकातील पाठ बदलतो, ही गोष्ट आपल्या शिक्षणव्यवस्थेत किती विलक्षण आहे, हे निवृत्त शिक्षकांना अधिक सांगायला नको. ‘मला माहीत नाही, करून पाहू’ असे वरिष्ठांसमोर म्हणण्याची मुभा जेथे असते, तेथे चाळिशी उलटलेला शिक्षकही पुन्हा विद्यार्थी होतो. उत्साह येतो तो येथून.

परीक्षाही त्याला साजेशी. लेखी परीक्षेत पुस्तक आणि वही जवळ ठेवण्याची परवानगी, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा. पाठांतराला किंमत उरली नाही, तेव्हा ते शिकवणेही आपोआप थांबले.

शाळेबाहेरची एक गोड व्यवस्था म्हणजे सवालीराम. हा कोणी खरा माणूस नव्हे, पुस्तकातील पात्र. मुलांनी मनात येईल तो प्रश्न पत्राने सवालीरामला विचारायचा आणि कार्यकर्त्यांच्या गटाने त्याच्या नावाने उत्तर पाठवायचे. खेड्यातील मुलाच्या नावे टपाल यावे आणि त्यात त्याच्याच प्रश्नाचा विचार केलेला असावा, याचे त्या वयात केवढे अप्रूप!

हे सारे 2002 मध्ये थांबले. कार्यक्रम तोवर अनेक जिल्ह्यांतील सुमारे एक हजार शाळांत पोहोचला होता. राज्य शासनाने तो बंद करून सर्वत्र नेहमीचे पाठ्यपुस्तक लागू केले. मुलांच्या पुढील परीक्षांतील गुणांविषयी आक्षेप घेतले गेले. देशभरातील अनेक शास्त्रज्ञांनी व शिक्षणतज्ज्ञांनी निर्णयाला विरोध नोंदवला. निर्णय मात्र फिरला नाही. शिक्षक तेच होते, मुलेही तीच. गेल्या त्या बैठका, साहित्याची सोय आणि प्रश्न विचारणारी परीक्षा. कोणाही शिक्षकाचा स्वभाव एका वर्षात बदलत नाही. तरीही केवळ हौसेच्या बळावर, एकट्याने, वरून आलेल्या पुस्तकाच्या विरुद्ध कोणी किती वर्षे तग धरावा?

होशंगाबाद शहराचे नाव 2022 मध्ये नर्मदापुरम झाले. सवालीरामने मात्र नाव बदलले नाही. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकात त्याचे सदर कार्यक्रम बंद झाल्यावरही येत राहिले, आणि पुण्याहून ‘शैक्षणिक संदर्भ’ या नावाने त्या नियतकालिकाची मराठी आवृत्तीही निघाली.