पटाबाहेरची खेळी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की पगारवाढीवर बोलणार, अशी तुमची अटकळ असेल. आज मी खेळावर बोलणार आहे. पगार त्यात येईलच म्हणा.

मोक्षपट आपल्या ओळखीचा. कवड्या पडतील तसे चढायचे, सापाच्या तोंडी गेलो की उतरायचे. तिथे खेळणाऱ्याला मतच नाही. सोंगट्यांत निदान कोणती सोंगटी हलवायची एवढे तरी आपल्या हाती असते. पण पट आखणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हते असे काही एखाद्याने केले, तर?

प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावर लढाईचा खेळ चाले. नियमांच्या ओझ्याने तो रेंगाळू लागला, तेव्हा १८७६ साली व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने सुचविले की निकाल अनुभवी पंचाने द्यावा. पुढे अमेरिकेत, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, डेव्हिड वेस्ली याने लढाईच्या खेळात गावचा नगराध्यक्ष, सावकार अशी सोंगे वाटली. खेळाडू पट सोडून कोपऱ्यात कुजबुजू लागले. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचे आव्हान दिले! वेस्लीला वाटले, खेळ फसला. खेळाडू मात्र पुन्हा मांडा म्हणून मागे लागले. त्यांच्यातलाच डेव्ह आर्नेसन. त्याने आणि गॅरी गायगॅक्सने १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला.

आता आमचे सांगतो. अभ्यासवर्गात आम्ही साखर कारखान्याच्या तडजोडीचा खेळ मांडतो. तिघे संचालक, चौघे युनियन, पंच मी. चिंचोके म्हणजे पैसा, एक डाव म्हणजे हंगामाचा एक आठवडा. एकदा युनियनच्या बाजूचा एक फिटर म्हणाला, “संपही नको, तडजोडही नको. आम्ही ऊसवाल्यांना भेटतो.” पटावर ऊसवाले नव्हतेच! ज्या जयसिंगपुरात ऊस परिषदा भरतात, तिथे हे विचारले जाणारच.

“नियमात नाही” म्हणणे सोपे होते. लगेच “मिळाले ऊसवाले तुम्हांला” म्हणणे त्याहून सोपे, कारण पंच युनियनचा. पण पंच आपल्याच बाजूला कौल देऊ लागला की खेळ संपतो आणि भाषण सुरू होते. मी विचारले, “भेटायला किती दिवस लागतील?” एक आठवडा, असे ठरले, तेवढा डाव खर्ची पडला. बघत बसलेल्या दोघांना ऊसवाले केले आणि म्हटले, “उसाला तुरा आलाय, तोड लांबली तर वजन घटेल. काय करायचे ते तुम्ही ठरवा.”

ते म्हणाले, “आधी आमचा दर, मग तुमची वाढ.” एकाच ढिगातले चिंचोके दोघांना हवे होते! मित्र शोधायला गेलेल्यांना तिसरा वाटेकरी भेटला. तासभर घासाघीस चालली. शेवटी दोघांनी मिळून कारखान्याचा हिशेब मागितला. तो माझ्याजवळ तयार नव्हता. खडूने फळ्यावर मांडावा लागला.

तेव्हापासून पटावर दोन जागा मोकळ्या ठेवतो आणि मांडताना शेवट ठरवीत नाही. कोणाला काय हवे आहे आणि कशाची भीती आहे, एवढेच लिहितो. पुढच्या वर्गात एकाने ऊसतोड मजुरांची बाजू मागितली. त्यांना किती चिंचोके द्यायचे यावर वाद पेटला. अखेर मुकादमाची उचल आधीच अंगावर असल्याने, त्यांचा डाव शून्याच्याही खालून सुरू करावा लागला.