लग्नात दुसरा फोटोवाला लावायचा का?



तुळशीचं लग्न लागलं आणि कापसाचे पहिले पैसे हातात आले, की आपल्या जळगाव-धुळ्याकडे घराघरांत याद्या सुरू होतात. मांडव, आचारी, बॅंड, बस्ता, मानपान. पूर्वी या यादीत फोटोवाला अगदी शेवटी असायचा. आता तो वरच्या दोन-तीन ओळींत आला आहे, आणि पुष्कळ घरांत एकाचे दोन झाले आहेत.

आम्ही बचत गटांच्या बैठका घेतो. लग्नासाठी कर्जाचा अर्ज आला की पैसे कशाला हवेत हे सगळ्यांसमोर बोललं जातं. गेल्या हिवाळ्यात पारोळा तालुक्यातल्या आमच्या एका गटात दीड तास एकाच मुद्द्यावर बोलणं झालं. एका ताईने धाकट्या मुलीच्या लग्नासाठी कर्ज मागितलं होतं. त्यात 12 हजार रुपये फक्त दुसऱ्या फोटोवाल्याचे होते.

पहिल्यांदा आम्हा बऱ्याच जणींच्या कपाळाला आठ्या पडल्या. एक जण म्हणाली, "एका फोटोवाल्याने भागत नाही का? लग्न आहे की पिक्चर?" मग त्या ताईने कारण सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं. फोटोवाला एकच होता आणि कामाला चांगला होता. नवरदेव मारुतीच्या देवळापाशी उतरला, वरात निघाली, तेव्हा तो वरातीबरोबर गेला. त्याच वेळी इकडे घरात नवरीला साडी नेसवली, मुंडावळ्या बांधल्या, आणि ताईच्या आईने, म्हणजे नवरीच्या आजीने, तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. ते टिपायला घरात कोणीच नव्हतं. लग्न लागल्यावर स्टेजवर आहेराची रांग लागली आणि फोटोवाला तिथेच अडकला. म्हातारी खाली खुर्चीवर बसून राहिली. चार महिन्यांनी ती वारली. दहाव्याला लावायला फोटो पाहिजे म्हणून सगळ्यांनी अल्बम चाळला, पेनड्राइव्ह चाळला. हजारावर फोटो होते. ताई आम्हाला म्हणाली, "फोटूमा मन्ही माय कोठेच नही."

बैठकीत कोणी काही बोललं नाही. मग आम्ही वही काढली.

आधी पैशाचा हिशेब मांडला. आमच्या गटाचं व्याज महिन्याला 2 टक्के. 12 हजार 12 महिन्यांत फेडायचे, दर महिन्याला 1 हजार मुद्दल, तर व्याज 1,560 रुपये होतं. एकूण 13,560. निंदणीची मजुरी दिवसाला 300 धरली तर हे 45 दिवसांचं काम झालं. आम्ही ताईला म्हटलं, आईचा फोटो राहिला याचं दुःख खरं आहे. पण 45 दिवस उन्हात वाकायचं, तर त्या पैशात नेमकं काय मिळणार ते आधी पाहू.

तेव्हा दुसरा फोटोवाला नेमकं काय करतो, हे आम्ही समजून घेतलं. एक माणूस एका वेळी एकाच जागी उभा राहू शकतो, सगळा प्रश्न एवढाच आहे. पहिला स्टेज धरतो, विधी आणि घरच्यांचे ठरलेले फोटो काढतो. दुसरा मोकळा असतो. मंगलाष्टकांच्या वेळी पहिल्याचा कॅमेरा नवरा-नवरीवर, तर दुसऱ्याचा आईबापाच्या तोंडावर. एकाचा कॅमेरा बंद पडला किंवा कार्ड खराब झालं तर दुसऱ्याकडे काहीतरी उरतं. आमच्या दुसऱ्या एका गटातल्या बाईच्या घरी असंच झालं होतं, हळदीचं पूर्ण कार्ड गेलं आणि हळद पुन्हा लावता येत नाही.

आपल्या चाळीसगावच्या केकी मूस यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 1912 साली जन्मलेले आणि 1989 साली गेलेले हे मोठे छायाचित्रकार. आयुष्याची कितीतरी वर्षं ते आपल्या घराबाहेर पडले नाहीत. टेबलावर लहान लहान वस्तू मांडून, त्यावर हवा तसा उजेड पाडून त्यांनी असे फोटो काढले की बघणाऱ्याला खरा देखावाच वाटावा. मनासारखं झालं नाही तर टेबल पुन्हा मांडता येतं. लग्नात ती सोय नाही. अक्षता पडायच्या त्या एकदाच पडतात. म्हणून लग्नात फोटोवाला किती हुशार आहे याच्याइतकंच त्या क्षणाला तो कुठे उभा आहे हे महत्त्वाचं.

मग आम्ही ताईला एक काम दिलं. कागदावर तीन रकाने पाड. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात त्या वेळी काय चाललेलं असेल, तिसऱ्यात ते कुठे असेल. जिथे एकाच वेळेला दोन जागा येतील तिथे खूण कर.

खुणा तीनच निघाल्या. पहिली, हळद. आदल्या दिवशी नवरीची हळद आपल्या गावात आणि नवरदेवाची धुळ्याकडे. दुसरी, वरात आणि नवरीची तयारी. तिसरी, स्टेजवरची आहेराची रांग आणि खाली बसलेली म्हातारी माणसं. बाकी दोन दिवसांत एकच माणूस पुरत होता.

यादी बघता बघता आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या मावशींनी विचारलं, "आणि नवरदेवाकडचे फोटोवाला आणणार नाहीत का?"

खरंच की! आपल्याकडे पुष्कळदा वरपक्षाचा फोटोवाला वेगळा असतो आणि वधूपक्षाचा वेगळा. दोघे एकाच स्टेजवर एकमेकांना ढकलत तेच ते फोटो काढतात आणि घरात नवरीजवळ कोणी नसतं. म्हणजे दुसरा फोटोवाला लग्नात आधीच आहे. त्याच्याशी बोलणं झालेलं नाही, एवढंच.

पण विहीणबाईंना फोन करायचा म्हटल्यावर ताई घाबरली. "मुलीकडच्यांनी असं विचारायचं का? त्यांना वाटेल, हे खर्चाला मागे सरतात." ही भीती आम्हाला सगळ्यांनाच ओळखीची होती. मावशी म्हणाल्या, "तू पैसे मागत नाहीस, मेळ घालतेस." दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी दोघी तिच्याजवळ बसलो आणि तिने फोन लावला. विहीणबाईंच्या फोटोवाल्यानेही त्यांना, "काकू, अजून एक माणूस घ्या," असं सांगून ठेवलं होतं. त्याही त्याच विचारात होत्या. दहा मिनिटांत ठरलं. त्यांचा माणूस धुळ्याची हळद आणि वरात करेल, आपला इकडची हळद आणि नवरीची तयारी. अक्षतांच्या वेळी एक स्टेजवर, एक खाली. नंतर सगळे फोटो दोन्ही घरांना. ते 12 हजार कर्जातून वगळले.

सगळ्यांच्या नशिबी अशी विहीण येईल असं आम्ही म्हणत नाही. समोरून उलट अट आली, दोन फोटोवाले पाहिजेत, ड्रोन पाहिजे आणि खर्च मुलीच्या बापाने करायचा, तर तो प्रश्न फोटोचा राहत नाही, मागणीचा होतो. हुंडाबंदीचा कायदा 1961 पासून आहे, हे अशा वेळी लक्षात ठेवा आणि गटात येऊन बोला.

दुसरा माणूस खरंच लागतो अशीही लग्नं असतात. वरपक्षाचा फोटोवाला नाही, माणसं पुष्कळ, दोन कार्यं एकाच वेळी, किंवा घरात आजारी माणूस ज्याच्याजवळ कोणीतरी थांबलं पाहिजे. तेव्हा पूर्ण दोन दिवस कशाला, फक्त खुणेच्या तीन-चार तासांसाठी विचारा. नवरीच्या खोलीत आणि बायकांच्या हळदीत फोटो काढायला बाई मिळेल का, तेही विचारा. घरगुती 50 माणसांचं लग्न असेल तर दुसऱ्याची गरज नाही. विवाह नोंदणीसाठी म्हणाल, तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्जाबरोबर लग्नाचा एक फोटो, पत्रिका, कागदपत्रं आणि 3 साक्षीदार लागतात. त्याला अल्बम लागत नाही.

माणूस एक असो की दोन, बोलणं कागदावर घ्या. कोण येणार, किती तास, किती फोटो, अल्बम किती पानांचा, कधी देणार, बयाणा किती आणि बाकी केव्हा. दुसरा येणार असेल तर त्याचंही नाव लिहा, नाहीतर ऐन वेळी कॅमेऱ्याची पिशवी धरणारा पोरगा दुसरा म्हणून उभा राहतो. दोघांच्या कॅमेऱ्यांतली वेळ आधी सारखी लावायला सांगा, म्हणजे पुढे फोटो क्रमाने लागतात. दोघांच्या जेवणाची आणि पाण्याची सोय करा, वैशाखात आपल्याकडे पारा 44 वर जातो. पावती जपून ठेवा. पैसे घेऊन काम दिलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, पण हातात कागद पाहिजे. आणि भाचे-पुतण्यांनी मोबाईलवर काढलेले फोटो त्याच आठवड्यात गोळा करा. व्हॉट्सॲपवर साधे पाठवले तर ते बारीक होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आता त्या यादीचं राहिलं. लग्नाच्या चार दिवस आधी ताईने ज्यांचे फोटो निघालेच पाहिजेत अशा माणसांची नावं लिहिली. 22 नावं होती. आत्या, मामा, चुलत सासू, लांबून येणारी बहीण. आम्ही वाचली आणि विचारलं, "यात तू कुठे आहेस?" ती हसली. म्हणाली, "मी तर घरचीच." मोठ्या मुलीच्या अल्बममध्येही ती दोनच फोटोंत होती, आणि त्यातल्या एकात डोळे मिटलेले. कारण फोटोच्या वेळी ती कधी पंगतीत होती, कधी आहेराच्या खोलीत. आम्ही तिचं नाव सगळ्यांत वर लिहिलं आणि यादी तिच्या भाचीच्या हातात दिली. एकेकाला हाताला धरून फोटोवाल्यासमोर आणायचं, हेच तिचं काम.

लग्न झालं. भाचीने 23 पैकी 22 नावांवर खूण केली. ताईचा भाऊ राहिला, गुरांच्या दुधाची वेळ झाली म्हणून तो जेवून लगेच निघून गेला होता. ताईचा फोटो मात्र निघाला. नवरीची वेणी घालताना, दातात पिन धरलेली, पदर खोचलेला. ती म्हणते, "हा काय फोटो आहे? केस तरी नीट करू द्यायचे." तिच्या मुलीने तोच मोठा करून सासरी नेला.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी यंदा कार्य असेल तर फोटोवाल्याला हो म्हणण्याआधी तीन रकाने पाडा, व्याह्यांना एक फोन करा, आणि फोटोंच्या यादीत स्वतःचं नाव लिहा. मग एक लागतो की दोन, ते तुमचं तुम्हालाच कळेल.