युरोचे अर्थकारण आणि अविनाश दीक्षित



युरोपच्या आर्थिक धोरणाचा विषय निघाला की ब्रसेल्स आणि फ्रँकफुर्ट ही नावे आधी येतात. आज मी त्याच विषयातल्या एका मराठी माणसाबद्दल बोलणार आहे. अविनाश दीक्षित १९४४ साली मुंबईत जन्मले. सेंट झेवियर्समधून १९६३ साली पदवीधर झाले, केंब्रिजला गणित शिकले आणि १९६८ साली एमआयटीतून अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. पुढे बर्कली, ऑक्सफर्ड, वॉरिक आणि १९८१ पासून प्रिन्स्टन. सारी कारकीर्द अध्यापनात गेली.

१९७७ साली अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर त्यांनी मक्तेदारीयुक्त स्पर्धेवर निबंध लिहिला. प्रत्येक कंपनीचा माल जरा निराळा असतो, म्हणून किंमत ठरवण्याची थोडी ताकद प्रत्येकीकडे असते, ही गोष्ट त्यांनी सुटसुटीत गणितात बसवली. युरोपीय मध्यवर्ती बँकेतल्या आर्थिक प्रतिमानांच्या पायात हे गणित आहे.

पण युरोपच्या दृष्टीने मला त्यांचे नंतरचे काम अधिक मोलाचे वाटते. १ जानेवारी १९९९ रोजी युरो आला. चलन एक, व्याजदर ठरवणारी बँक एक आणि खर्च करणारी सरकारे अकरा! एखादे सरकार हात सैल सोडील आणि महागाई सगळ्यांना भोगावी लागेल, ही धास्ती होतीच. म्हणून युरोपीय देशांच्या मास्ट्रिख्ट कराराने सरकारी तुटीला देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांची मर्यादा घातली होती. २००३ साली अर्थतज्ज्ञ लुइसा लांबर्टिनी यांच्यासह लिहिलेल्या निबंधात दीक्षितांनी वेगळाच मुद्दा मांडला. बँक आणि सरकारे यांची महागाईची व उत्पादनाची लक्ष्ये एकच असतील, तर ती गाठता येतात. एकाला महागाईची चिंता अधिक, दुसऱ्याला उत्पादनाची, एवढा मतभेद असला तरी चालते. पहिली चाल कोणाची, यानेही बिघडत नाही. लक्ष्येच वेगळी असली, तर मात्र ओढाताणीत दोघांचेही नुकसान होते, हे त्यांच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात आहे.

आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनी आणि फ्रान्स ३ टक्क्यांची मर्यादा मोडूनही कारवाईतून सुटले. शिक्षेची कलमे होती, पण निर्णय अर्थमंत्र्यांच्याच परिषदेने घ्यायचा होता! नुसत्या मर्यादेवर भिस्त ठेवण्यातला धोका तेव्हा उघड झाला.

आपल्या जबलपूरला याचे काय? आपल्याकडेही रुपया एक, रिझर्व्ह बँक एक आणि राज्ये अनेक. महागाईचे ४ टक्क्यांचे लक्ष्य केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून ठरवते. राज्यांच्या कर्जावर मर्यादा आहेत, पण ते लक्ष्य ठरवताना राज्यांना विचारले जात नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

२०१६ साली दीक्षितांना पद्मविभूषण मिळाले. इथे बसलेल्या, अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे: गणिताला घाबरू नका, त्यांचे हे निबंध वाचा आणि मध्य प्रदेशाचा अर्थसंकल्प शेजारी ठेवून त्यांतला विचार आपल्या राज्याला लावून पाहा.