कागद-गिरणींतील टाकाऊ द्रव्य आणि जळण

बुलढाणा जिल्ह्याच्या खामगांव तालुक्यांतील पिंपळगांव राजा हें कपाशीच्या मुलखांतलें गांव. कापसाची वेचणी संपली कीं शेतांत पऱ्हाट्या उरतात, आणि त्या चुलीस घालण्याची रीत वऱ्हाडांत पूर्वापार चालत आली आहे. पऱ्हाटी वाळलेली असली तर जाळ होतो आणि ओली असली तर नुसता धूर होतो, हें तेथील गृहिणीस सांगावें लागत नाहीं. कागदाच्या गिरणींत उरणाऱ्या टाकाऊ द्रव्यापासून जळण करण्याचें शास्त्र याच अनुभवावर उभें आहे.

लांकूड, बांबू अथवा पेंढा यांत कागदास उपयोगी पडणारे तंतु असतात आणि त्यांना एकमेकांशीं चिकटवून ठेवणारें लिग्निन नांवाचें द्रव्य असतें. चंद्रपूर जिल्ह्यांत वर्धा नदीकांठच्या बल्लारपूर येथें, १९४५ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें बांबूपासून कागद करण्याचा मोठा कारखाना उभारला. अशा कारखान्यांत बांबूचे तुकडे कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइड यांच्या द्रवांत सुमारें १६० ते १७० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर शिजवितात. लिग्निन विरघळतें व तंतु मोकळे होतात. तंतु धुतल्यावर उरणाऱ्या काळ्या पाण्यास ‘ब्लॅक लिकर’ म्हणतात. मूळ लांकडाचा जवळजवळ अर्धा भाग याच पाण्यांत असतो. तें नदींत सोडलें तर मासे मरतात, कांठच्या गांवांचें पाणी नासतें आणि महागडा सोडाहि वाहून जातो.

परंतु ज्यांत अर्धें लांकूड आहे तें द्रव्य जळण कां होऊं नये? अडचण पाण्याची. धुऊन निघालेल्या द्रवाच्या शंभर भागांत घन द्रव्य पंधराच्या आसपास असतें. म्हणून एका पात्राच्या वाफेनें पुढचें पात्र तापावें अशी पात्रांची मालिका मांडून, हें प्रमाण पासष्टाच्या वर जाईपर्यंत द्रव आटवितात. मग तो भट्टींत फवारला कीं पेटतो. त्या उष्णतेनें वाफ होते, वाफेवर वीज होते. तळाशीं वितळून सांचलेला क्षार पाण्यांत कालवून चुन्याची प्रक्रिया केली कीं शिजविण्याचा सोडा परत हातीं येतो. जळण मिळतें, सोडा वांचतो आणि नदीहि वांचते.

लहान गिरण्यांना मात्र हें साधेना. पेंढ्यांत सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य, फार; त्याचे थर नळ्यांवर बसतात. शिवाय भट्टीचा खर्च झेपत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं काळें पाणी ओढ्यानाल्यांत जाऊं लागलें. २००३ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सनदेंत अशा गिरण्यांपुढें स्पष्ट पर्याय ठेवण्यांत आले: काळ्या पाण्यांतील क्षार परत मिळवावा वा त्या पाण्याचा अन्य उपयोग करावा, नाहीं तर रद्दीपासून कागद करावा.

रद्दीकडे वळल्यानें निराळाच कचरा पुढें आला. एक, आंखूड तंतु व माती यांचा गाळ. तो दाबून पिळला तरी त्यांत निम्म्याच्या आसपास पाणी राहतें आणि जळल्यावर राखहि पुष्कळ उरते. दुसरा, रद्दीबरोबर आलेलें प्लॅस्टिक. त्याची उष्णता मोठी. पण त्यांतील कांहीं जातींत क्लोरीन असतो. असें प्लॅस्टिक उघड्यावर वा मंद आंचेवर जाळलें तर विषारी धूर निघतो. सिमेंटच्या भट्टींत माल सुमारें १४५० अंशांपर्यंत तापतो व राख सिमेंटांतच मिसळते; म्हणून वेंचून, सुकवून, क्लोरीन पारखून घेतलेला कचरा तेथें कोळशाच्या जोडीस घालतां येतो.

तेव्हां टाकाऊ द्रव्यास जळण म्हणण्यापूर्वीं तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत: त्यांत पाणी किती, राख किती, आणि विष आहे कीं नाहीं. पऱ्हाटीच्या चुलीस पहिल्या दोन कसोट्या पुरत. तिसरी नवी आहे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची; कारण ओल्या जळणाचा धूर डोळ्यांस लागलीच कळतो, विषारी धुराचा परिणाम मात्र कित्येक वर्षांनीं दिसतो. स्वस्त म्हणून गिरणींतील प्लॅस्टिकचा कचरा गुऱ्हाळाच्या वा घरच्या चुलींत घालणें यांत काटकसर नाहीं. तो योग्य भट्टींत गेला तरच कचऱ्याचें धन होतें.