नेहमीच्या शब्दांची सोयरीक



इंग्रजीच्या अध्यापकांचं अधिवेशन असूनही मी मराठीत बोलणार आहे. आज ज्या मुलामुलींविषयी बोलायचं आहे, ती मराठीत विचार करतात. शिवाय समोर भौतिकशास्त्राचे, वाणिज्याचे, कायद्याचे शिक्षकही आवर्जून आले आहेत आणि माझं अर्ध्याहून अधिक बोलणं त्यांच्याशीच आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला येणाऱ्या मुलाच्या गाठीशी दहा वर्षांचं इंग्रजी असतं. मेक, टेक, ड्रॉ, रन, बेअर, चार्ज हे शब्द त्याने कधीच मागे टाकलेले असतात. तरी पहिल्या चाचणीत त्याची वाक्यं अडखळतात. 'शब्दसंग्रह तोकडा आहे' असं आपण म्हणतो आणि अवघड शब्दांची यादी त्याच्या हातात ठेवतो. माझ्या मते इथे निदानच चुकतं. 'फोटोसिंथेसिस' त्याला येतो, कारण तो शब्द एकच काम करतो आणि शिक्षक तो फळ्यावर लिहून समजावतात. अडतं ते सोप्या शब्दांपाशी. नेहमीचा शब्द प्रत्येक विषयात वेगळ्या घरी सोयरीक जोडतो, आणि ती सोयरीक कुणी शिकवतच नाही, कारण शब्द 'माहीत' आहे असं सगळेच धरून चालतात.

'चार्ज' हा शब्द पाहा. भौतिकशास्त्राच्या तासाला तो पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असतो, वस्तू तो धारण करते, कपॅसिटर तो साठवतो. तिथली एखादी मुलगी पुढे कायदा शिकायला गेली, तर तिथे न्यायालय चार्ज 'फ्रेम' करतं, आणि चार्जशीट पोलीस 'फाइल' करतात. 'फ्रेम'च्या जागी 'मेक' घातलं तर व्याकरण बिघडत नाही, पण आपल्या न्यायालयाची भाषा राहत नाही. कार्यालयात नवा अधिकारी चार्ज 'टेक' करतो, जुना तो 'हँड ओव्हर' करतो. वीजबिलावर चार्ज 'लेव्ही' होतो. बँकेच्या कागदपत्रात तोच 'क्रिएट' होतो, आणि तो काय असतो हे शेतकऱ्याच्या मुलाला इंग्रजीच्या प्राध्यापकापेक्षा जास्त कळतं, कारण सातबाऱ्यावर चढलेला बोजा त्याने घरी पाहिलेला असतो. मात्र बोजा आणि हा चार्ज एकच, हे त्याला वर्गात कुणी सांगितलेलं नसतं. आणि आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत पोलीस लाठीचार्जचा 'रिसॉर्ट' करतात. त्या क्रियापदात, दुसरा उपाय उरला नव्हता असा एक पक्ष आधीच घेतलेला असतो. बातमी वाचणाऱ्याला तो पक्ष दिसला पाहिजे.

शब्दांच्या या सोयरिकीकडे सर्वांत आधी लक्ष गेलं ते परक्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्यांचं. जन्माने इंग्रज असलेल्याला आपले शब्द कुणाशेजारी बसतात याचा विचार करायची गरजच पडत नाही. हॅरल्ड पामर जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याच्या कामासाठी गेला आणि १९३३ साली त्याने टोकियोहून इंग्रजी शब्दसाहचर्यांचा, म्हणजे शब्दांच्या अशा नेहमीच्या जोड्यांचा, मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्याचा सहकारी हॉर्नबी याने १९४२ साली तिथेच जो कोश छापला, तोच पुढे ऑक्सफर्डने हाती घेतला. आपल्या प्रत्येक ग्रंथालयातला जाडजूड 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' हा त्याचाच वारस. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, हा विचार ज्याच्या नावाने सांगितला जातो तो जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ लाहोरला इंग्रजीचा प्राध्यापक होता. लंडनला भाषाविज्ञानाचं अध्यासन त्याला पुढे मिळालं, त्याआधी पंजाबी मुलांना इंग्रजी शिकवण्यात त्याची ही वर्षं गेली होती. शिक्षकाच्या अडचणीतून शास्त्र उभं राहतं, याचं एवढं चांगलं उदाहरण दुसरं मला ठाऊक नाही.

आणि आता आपल्या दाराशी येतो. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात फ्रान्सिस आणि कुचेरा यांनी १९६१ साली छापलेल्या मजकुरातून दहा लाख शब्दांचा संग्रह संगणकावर चढवला. प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे पाचशे उतारे, पंधरा प्रकारांतले: बातम्या, अग्रलेख, धर्म, छंद आणि कारागिरी, सरकारी कागदपत्रं, विज्ञान, प्रेमकथा, विनोद. त्याच धर्तीवर भारतीय इंग्रजीचा पहिला संग्रह झाला तो कोल्हापुरात. शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ सालच्या भारतीय मजकुरातून दहा लाख शब्द गोळा केले आणि १९८६ साली त्याची मार्गदर्शिका निघाली. जगभरचे अभ्यासक त्याला 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणतात. आज बसल्या जागी कोट्यवधी शब्द चाळता येतात, पण त्या काळी एकेक उतारा निवडून, टंकून, तपासून घेणं हे किती चिकाटीचं काम होतं याची कल्पना करा. त्या कामाचं नाव आपल्या बी.ए.च्या वर्गात किती वेळा घेतलं जातं? मला याची खंत वाटते आणि ती मी इथे मोकळेपणाने बोलून दाखवतो.

संग्रहांतून काय दिसलं? ब्राउनच्या दहा लाख शब्दांत एकटा 'द' सुमारे सात टक्के जागा घेतो. मायकेल वेस्टने १९५३ साली दोन हजार नेहमीच्या शब्दांची यादी दिली. साधारण कोणत्याही इंग्रजी मजकुराचा चार पंचमांश भाग त्यात बसतो. ॲव्हरिल कॉक्सहेडने २००० साली कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान यांचा मजकूर तपासून सर्व विषयांना लागणारी ५७० शब्दकुळं काढली. ही यादी आपल्याकडे पाठ करून घेतली जाते. पण पुढे हायलंड आणि त्से यांनी दाखवून दिलं की यादीतला शब्द सगळीकडे सारखा वागत नाही. व्यवस्थापनाच्या पुस्तकात 'स्ट्रॅटेजी' मार्केटिंगच्या शेजारी येते, भाषाशिक्षणात लर्निंगच्या, समाजशास्त्रात कोपिंगच्या. सुटा शब्द पाठ करणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही.

बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअरने तर याहून खोल पाहिलं. 'सेट इन' हे साधं जोडक्रियापद त्याने तपासलं, तर त्याचा कर्ता बहुधा कुजणं, निराशा, ऱ्हास असा काहीतरी वाईटच निघाला. कोशात 'सुरू होणे' एवढा अर्थ वाचून मुलाने 'प्रॉस्पेरिटी सेट इन' लिहिलं, तर वाचणाऱ्याला ते खटकतं आणि का खटकलं ते सांगता येत नाही. मराठी माणसाला हे लगेच पटेल. आपल्याकडे संकट ओढवतं, मृत्यू ओढवतो. लग्न किंवा बढती कधी ओढवत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. आपल्या विद्यार्थ्याकडे मराठीचं साहचर्य पक्कं आहे. त्याला ताप भरतो, घसा बसतो, मान अवघडते, पायाला मुंग्या येतात. कुठलं नाम कुठल्या क्रियापदाकडे जातं, हे त्याला आईच्या बोलण्यातून मिळालं आहे. दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'सारखं काम आपल्या भाषेत झालं आहे. हे भांडवल बाजूला सारून इंग्रजी शिकवणं म्हणजे भरलेली विहीर सोडून टँकर मागवण्यासारखं आहे.

'काढणे' आणि 'ड्रॉ' ही जोडी मी वर्गात नेहमी घेत आलो. फळ्याच्या मधोमध रेघ मारायची. भूमितीत रेषा काढतात, जीवशास्त्रात आकृती काढतात, दवाखान्यात रक्त काढतात, प्रयोगाअंती निष्कर्ष काढतात. चारही ठिकाणी इंग्रजीत 'ड्रॉ'च. इथवर मुलांना काही शिकवावंच लागत नाही, नुसतं दाखवावं लागतं, आणि दाखवलं की त्यांचे चेहरे उजळतात. मग वाटा फुटतात. आपण फोटो काढतो, तिथे इंग्रजी 'टेक' म्हणतं. विमा काढतो, तिथे 'टेक आउट'. गाईची धार काढतो, तिथे 'मिल्क' हेच क्रियापद होतं. रुसलेल्याची समजूत काढतो, आणि त्याला इंग्रजीत नाम-क्रियापदाची तशी जोडीच नाही. उलट बाजूने लक्ष 'ड्रॉ' होतं, ते आपण वेधतो. टीका 'ड्रॉ' होते, ती आपण ओढवून घेतो. पडदे 'ड्रॉ' होतात, ते आपण ओढतो. रेघेच्या डावीकडे जुळणाऱ्या जोड्या, उजवीकडे फुटणाऱ्या. मुलं स्वतःहून भर घालू लागतात, वाणिज्याची एका बाजूने, विज्ञानाची दुसऱ्या बाजूने, आणि तास संपल्याचं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

'शंका विचारणे'वरून मुलं 'आस्क अ डाउट' म्हणतात, 'परीक्षा देणे'वरून 'गिव्ह ॲन एक्झाम'. यांना हसण्याची आपली जुनी सवय मला मान्य नाही. ते मूल मराठीच्या नियमाने बरोबर चाललं आहे, फक्त तो नियम इथे लागू पडत नाही, एवढंच त्याला सांगायचं. 'लाठीचार्ज'सारख्या जोड्या आपल्या इथल्या जगण्यातून इंग्रजीत रुजल्या. त्यांना चूक म्हणणारा शिक्षक चुकतो. पण शोधनिबंधात 'डिस्कस अबाउट' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला 'चालतं हो भारतात' म्हणून सोडून देणाराही त्याचं नुकसान करतो. परीक्षक, संपादक, मुलाखत घेणारे ते चालवून घेणार नाहीत, आणि किंमत तो मुलगा मोजेल.

म्हणून विज्ञान, वाणिज्य आणि कायद्याच्या शिक्षकांना माझं सांगणं आहे. 'डायल्यूट सोल्यूशन' आणि 'फाइंड अ सोल्यूशन', यांतला पहिला शब्दप्रयोग इंग्रजीच्या तासाला कधीच भेटत नाही. बाँडचा 'यील्ड' आणि हेक्टरी 'यील्ड', 'बेअर'च्या मागे येणारं व्याज आणि भिंतीवर येणारा भार, यांचा परिचय तुमच्याच तासाला व्हायला हवा. त्यासाठी वेगळा तास नको, नवं पुस्तक नको. धडा शिकवताना नेहमीचा शब्द समोर आला की त्याच्या शेजाऱ्यासकट फळ्यावर लिहा आणि मुलांना तसाच, जोडीने, वहीत उतरवू द्या. इंग्रजीच्या शिक्षकांनी या वह्या पाहाव्यात, मराठीशी कुठे जुळतं आणि कुठे फुटतं ते दाखवावं, आणि शंका आली तर स्वतःच्या कानावर विसंबण्याआधी साहचर्यांचा कोश उघडावा. ऑक्सफर्डचा तसा कोश २००२ पासून उपलब्ध आहे. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो नसेल, तिथल्या प्राचार्यांनी येत्या खरेदीत तो घ्यावा, अशी त्यांना माझी जाहीर विनंती आहे.

येत्या जूनपासून प्रत्येकाने आपापल्या विषयाच्या एकाच पाठ्यपुस्तकातून अशा जोड्या वेचाव्यात आणि पुढच्या अधिवेशनाला ती वही बरोबर आणावी. सगळ्या विषयांच्या वह्या एकत्र केल्या, तर मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी शब्दसाहचर्यांचा एक छोटा कोश आपण स्वतः सिद्ध करू शकू. संपादनाचं काम करायला मी तयार आहे. ज्यांना यात यायचं आहे, त्यांनी आज दुपारच्या सत्रानंतर कृपया मला भेटावं.