समाजधुरीण शेठ वालचंद हिराचंद : एक साहसयात्रा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी समाजातील वडीलधाऱ्यांचे स्मरण करणे उचितच होय. शेठ वालचंद हिराचंद हे असेच एक वडीलधारे व्यक्तिमत्त्व. परंतु त्यांचे स्मरण करताना एक प्रश्न टाळता येत नाही. श्रावकाला परिग्रहपरिमाणाचे व्रत सांगितले आहे. मग ज्यांनी जहाजे, कारखाने आणि विमाने उभारण्याचा ध्यास घेतला, त्यांना धर्मसंस्थेच्या व्यासपीठावरून कोणत्या नात्याने वंदन करावे?

शेठजींचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूर येथे, गुजरातेतून येऊन तेथे स्थायिक झालेल्या दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. गादीवर बसून सुखाने आयुष्य काढता आले असते. पण त्यांचे मन तेथे रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागी करून त्यांनी रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेतले. एक जैन शेठ आणि एक ब्राह्मण कारकून यांची ही भागी त्या काळी धाडसाचीच म्हटली पाहिजे. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईत आणणारी जलवाहिनी अशी मोठी कामे त्यांच्या हातून झाली. गिरगाव-परळच्या चाळींतून नळाखाली हंडा धरणाऱ्या किती जणांना या नावाची आठवण झाली असेल?

1919 साली त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह ग्वाल्हेरच्या महाराजांची 'लॉयल्टी' ही बोट विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. 5 एप्रिल 1919 रोजी ती बोट मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हा शेठजी स्वतः तीवर होते. समुद्रावर इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी होती. त्यांनी भाड्याचे दर पाडून नव्या कंपनीला जेरीस आणले. ती विकत घेण्याचेही प्रयत्न झाले. तरीही कंपनी टिकली. 1964 पासून 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो या प्रवासाच्या स्मरणार्थ. बॅलार्ड इस्टेटमधील सिंदिया हाऊस ही वास्तू त्या पर्वाची साक्षीदार आहे.

1939 मध्ये अमेरिकेहून परतताना विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमान-उद्योजकाशी पडली. दुसरा कोणी दोन घटका गप्पा मारून झोपी गेला असता. शेठजींनी त्या भेटीतून कारखान्याची कल्पना उचलली आणि डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. 21 जून 1941 रोजी विशाखापट्टणम येथे त्यांच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनी पुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घरोघरी परिचित झाली. 2023 साली तिने या शहराचा निरोप घेतला.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. या अफाट उभारणीतले त्यांच्या हाती काय उरले? विमानाचा कारखाना युद्धकाळात, 1942 मध्ये, सरकारने आपल्याकडे घेतला. विशाखापट्टणमला बांधलेली 'जलउषा' 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. 1952 मध्ये त्या कारखान्याचा ताबाही मुख्यत्वे सरकारकडे गेला. हे सारे त्यांनी हसतमुखाने सोडले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ते झुंजार होते, महत्त्वाकांक्षी होते. आपले म्हणणे सरकारदरबारी हट्टाने मांडणारे होते. पण हातचे गेले म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला नाही. एक गेले की दुसरे उभारायला ते सिद्ध होत. फळ कोणाच्या पदरी पडते यापेक्षा झाड लागते की नाही, याची त्यांना अधिक चिंता होती.

हा पुरुषार्थ एकट्याचा नव्हता. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद या बंधूंनी उद्योगांचा भार वाहिला. 1949 मध्ये शेठजींना पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली. 1950 मध्ये ते कामकाजातून निवृत्त झाले आणि 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

परिग्रहाचे माप तिजोरीवरून घेतले जाते. पण आसक्तीचे माप, हातचे सुटल्यावर माणूस कसा वागतो, यावरून घ्यावे लागते. या दुसऱ्या मापाने पाहिले तर शेठजींना श्रावक म्हणून वंदन करण्यात कोणताही संकोच वाटू नये. पन्नास वर्षांचा टप्पा ओलांडणाऱ्या संस्थेनेही हेच ध्यानी ठेवावे. वास्तू, निधी आणि पदे पुढच्यांच्या हाती जाणारच आहेत. आपल्या वाट्याला येते ती उभारणी. ती निर्भयपणे करावी आणि वेळ येताच निर्लेप मनाने पुढच्या पिढीच्या हाती सोपवावी, हीच त्या थोर पुरुषाला खरी आदरांजली ठरेल.

जय जिनेंद्र!